चौदा नंबरविरुद्ध तक्रार

एखाद्या माणसाशेजारी किती वर्षं बसल्यावर त्याचं नाव विचारायची सोय राहत नाही, यावर अजून कुणी संशोधन केलेलं नाही. मी अनुभवानं सांगतो : तीन. पहिल्या वर्षी विचारता येतं. दुसऱ्या वर्षी ‘माफ करा हं, मागे नीट ऐकू आलं नव्हतं’ अशी सुरुवात करून विचारता येतं. तिसऱ्या वर्षी विचारलं तर त्याचा अर्थ एवढाच होतो की दोन वर्षं तुम्ही नुसती मान डोलावून त्याला फसवत होता. आणि बाविसाव्या वर्षी विचारण्यापेक्षा गाव सोडून जाणं सोपं.

हे ज्ञान मला दोन हजार वीस सालच्या सप्टेंबरमधल्या पहिल्या शनिवारी, दुपारी सव्वा वाजता झालं.

ऑगस्टमध्ये आमच्या कॉलेजनं साथीमुळे फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात धरून पळायच्या आमच्या फुटबॉलचा, अख्खा हंगाम रद्द केला. नेब्रास्कात मक्याचं पीक गेलं तर माणसं मान हलवतात आणि पुढच्या वर्षाचं बोलू लागतात. फुटबॉल गेल्यावर पुढच्या वर्षाचं बोलायची कुणाची छाती होईना. एल्डर क्रीक या आमच्या गावात लोक एकमेकांना सहा फुटांवरून नुसते बघायचे आणि उसासा टाकून आपापल्या वाटेनं जायचे. मी तर घरातच होतो. शाळांच्या बसचे मार्ग आखणं ही माझी नोकरी. शाळा बंद, बस बंद, पण नोकरी चालू. त्यामुळे ज्या बस धावत नव्हत्या त्यांचे मार्ग मी रोज स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून सुधारत होतो. काही मार्ग इतके सुधारले की ते आता शाळेपर्यंत जातच नव्हते.

तर त्या शनिवारी मी सवयीनं संघाची हिरवी जर्सी चढवली आणि डोक्यावर चोचवाली टोपी घातली. आमच्या संघाचं नाव ‘सारस’, म्हणून चोच.

“कुठे निघालास?” नडीननं विचारलं. नडीन माझी बायको.

“कुठे नाही.”

“मग चोच कशाला?”

मी टीव्हीवर एका जुन्या सामन्याचं चित्रीकरण लावलं आणि सोफ्यावर बसलो. तिसऱ्याच मिनिटाला आमच्या संघातल्या एका पोरानं हातातला चेंडू घालवला. मी डावीकडे कोपर मारलं आणि म्हणालो, “बघितलंस ना, चौदा?”

कोपर नडीनच्या कॉफीला लागलं. कॉफी सोफ्यावर गेली.

“चौदा कोण?” नडीननं विचारलं. कॉफीचं नंतर बघू, अशा सुरात.

चौदा म्हणजे स्टेडियममधल्या चौदा नंबरच्या खुर्चीवरचा माणूस. माझी खुर्ची पंधरा; हंगामभराचं तिकीट, दरवर्षी त्याच जागा. बावीस हंगाम आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो. तो मला ‘पंधरा’ म्हणतो, मी त्याला ‘चौदा’. त्याचा डावा गुडघा पाऊस यायच्या आधी दुखतो, हे मला ठाऊक. तो बीटच्या लोणच्याचं सँडविच खातो, हे ठाऊक. कुठला खेळाडू पडला की तो लगेच “घोटा नाही, पोटरी!” असं निदान करतो, म्हणून तो डॉक्टर असणार हेही मी ठरवून टाकलेलं. दोन हजार सहा साली हार्लो कॉलेजकडून हरलो तेव्हा तो रडला होता आणि मी त्याला माझा रुमाल दिला होता. तो रुमाल त्यानं पुढच्या सप्टेंबरात इस्त्री करून परत आणला. पण त्याचं नाव, गाव, फोन? काही नाही.

“सत्तरी ओलांडलेली असेल,” मी म्हणालो. “आणि गेल्या नोव्हेंबरात खोकत होता.”

नडीननं हातातलं फडकं खाली ठेवलं. “म्हणजे तो आहे की नाही, हेही तुला माहीत नाही?”

“कळायचं कसं? हंगामच रद्द झाला.”

“बावीस वर्षं, मर्ल! मी भाजीच्या रांगेत बाईच्या मागे चार मिनिटं उभी राहिले तर तिच्या सुनेचं नाव मला कळतं.”

खरं होतं. म्हणून मला जास्त लागलं.

आता काम एवढंसं होतं : चौदा ठीक आहे की नाही, ते शोधायचं. एका फोनचं काम. पण मी चूक केली आणि ते शेजारी वर्लिन ड्वोराचेकच्या कानावर घातलं. वर्लिन पस्तीस वर्षं पोस्टमन होता. गावातल्या प्रत्येकाचं पत्र आधी आपल्या हातातून गेलं, म्हणून प्रत्येकाला सल्ला देणं हा त्याला हक्कच वाटतो.

“सोपं आहे,” कुंपणापलीकडून तो म्हणाला. “पेपरातल्या निधनवार्ता वाच.”

“नाव माहीत नाही तर वाचून काय करू?”

“फोटो बघ.”

मी आठ दिवस निधनवार्तांचे फोटो बघितले. पण लोक निधनवार्तेला तिशीतला फोटो देतात आणि चौदाला मी नेहमी बाजूनंच पाहिलेला. त्याचा उजवा कान आणि मिशीचं टोक एवढ्यावर मी कोर्टात शपथ घेईन; समोरून आला तर वाट विचारीन. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या ओडेसा प्रुइट बाईंनी प्रार्थनेच्या यादीत त्याचं नाव घालायची तयारी दाखवली. मग “अहो, पण नाव?” असं म्हणून त्या थांबल्या. पुढच्या रविवारी इंटरनेटवरच्या प्रार्थनेत अख्ख्या मंडळींनी डोळे मिटून ‘नंबर चौदा’साठी प्रार्थना केली. एकानं विचारलं म्हणे, हा कुठल्या तुरुंगात आहे?

शेवटी मी कॉलेजच्या तिकीट कचेरीला फोन लावला. पन्नास मिनिटं फोनवर संघाचं गाणं वाजत होतं. पहिली दहा मिनिटं मी उभा राहून ऐकलं. मग मिस योकम नावाच्या बाई आल्या. आवाज गोड, पण लोखंडी पेटीवर फुलांचं चित्र असावं तसा.

“दुसऱ्या तिकीटधारकाची माहिती आम्हाला देता येत नाही, मिस्टर ऑस्टरहाउस.”

“माहिती नको हो. तो जिवंत आहे का, एवढंच सांगा.”

“तीही माहितीच झाली.”

“बरं, मग त्याला निरोप द्या. म्हणावं, पंधरानं फोन करायला सांगितलाय.”

“निरोपाचा अर्ज आमच्याकडे नाही.”

“मग कशाकशाचे आहेत?”

बाईंनी वाचून दाखवलं : पत्ता बदलल्याचा, खुर्ची वारसाच्या नावे करण्याचा, चोच हरवल्याचा, आणि शेजारच्या खुर्चीविरुद्ध तक्रारीचा. “तक्रारीची प्रत मात्र समोरच्याला जाते,” त्या म्हणाल्या. “दहा दिवसांत त्यानं उत्तर द्यायचं असतं.”

मी खुर्चीतून उठलो. म्हणजे चौदाविरुद्ध तक्रार केली तर चौदाला माझं पत्र जाणार! आणि जिवंत असेल तर तो उत्तर देणार! नोकरशाहीत तीस वर्षं काढलेला माणूस असल्या फटी बरोब्बर ओळखतो. हे सगळं मी मोठ्या अभिमानानं नडीनला सांगितलं.

“म्हणजे मित्र मेला की जगला हे कळावं म्हणून तू त्याच्यावर फिर्याद करणार,” ती म्हणाली.

“फिर्याद नाही गं. तक्रार.”

“त्याला बरं वाटेल.”

अर्ज संगणकावर भरायचा होता. तक्रारीचं स्वरूप म्हणून दोनच पर्याय : ‘गंभीर’ आणि ‘अतिगंभीर’. मी ‘गंभीर’ निवडलं. घटना किमान तीन हव्यात, शब्द किमान दीडशे. मी लिहिलं, ‘त्यांच्या सँडविचला बीटचा वास येतो.’ पाच शब्द. वर्लिन खिडकीबाहेर मास्क लावून उभा होता. तो म्हणाला, “असा हात आखडू नकोस. एवढ्यावर कचेरी कागद हलवत नाही. तो ओरडतो का?”

“ओरडतो. सगळेच ओरडतात.”

“लिही : कानठळ्या बसतात. कोपर मारतो?”

“आम्ही एकमेकांना मारतो.”

“एकमेकांना काढून टाक.”

असं करत दीडशे शब्द झाले. कचेरीनं काय करावं, या शेवटच्या चौकटीत ‘फोन करायला सांगावं’ असं लिहायला गेलो, तर तिथेही पर्यायच : माफी, खुर्च्या वेगळ्या करणं, किंवा तिकीट रद्द. मी माफीवर बोट ठेवलं. पाठवल्यावर वाचून पाहिलं, तर कागदावरचा चौदा हा एक बीट खाणारा गुंड होता. पण म्हटलं, चौदाला विनोद कळतो.

एक दिवस गेला, चार गेले, नऊ गेले. नवव्या दिवशी मला जेवण जाईना. नडीन माझ्या पाठीवर नुसता हात ठेवून गेली. आणि तिनं टोमणा मारला नाही म्हणजे प्रकरण हाताबाहेर चाललंय, हे मी ओळखलं.

दहाव्या दिवशी सकाळी उत्तर आलं. अकरा पानी.

“जिवंत आहे!” मी अंगणात ओरडलो. “वर्लिन, जिवंत आहे! अकरा पानं लिहिलीत!” ओडेसाबाई रस्त्यापलीकडे हात उंचावून देवाचे आभार मानू लागल्या. मी नडीनला मिठी मारली, चोच घातली, काढली, आणि मग वाचायला बसलो.

ते उत्तर नव्हतं, उलट तक्रार होती. स्वरूप : अतिगंभीर. पत्ता आणि फोन कचेरीनं काळे करून टाकलेले, पण खाली नाव होतं : फ्लोरियन वीबे. व्यवसाय : पियानो जुळवणं. डॉक्टर नव्हताच! पियानो जुळवणारा माणूस पोटरीचं निदान कुठल्या अधिकारानं करत होता? मला पहिला राग त्याचाच आला.

पुढचे राग क्रमानं आले. ‘अर्जदार गेली बावीस वर्षं संघाचं गाणं शिट्टीवर वाजवतात आणि ते पाव सूर खाली असतं. माझा कान हे माझं पोट आहे. प्रत्येक सामन्यानंतर मला दोन दिवस काम करता येत नाही.’ ‘अर्जदार प्रत्येक चालीनंतर “मी म्हटलंच होतं” असं म्हणतात. त्यांनी काहीही म्हटलेलं नसतं.’ ‘अर्जदारांची चोच माझ्या डोळ्यात जाते.’

नडीन माझ्या खांद्यावरून वाचत होती. सातव्या पानावर ती थांबली आणि मोठ्यानं वाचू लागली. खिडकी उघडी होती.

“‘दोन हजार अकरा साली हार्लोविरुद्धच्या सामन्यात बारा मिनिटं बाकी असताना अर्जदार, पार्किंगमधून गाडी लवकर काढता यावी म्हणून, उठून निघून गेले. त्यानंतर आपण एकवीस गुणांची पिछाडी भरून काढली. पुढच्या सामन्याला आल्यावर अर्जदारांनी मलाच त्या विजयाचं वर्णन ऐकवलं.’ मर्ल! तू तिथे नव्हतास?”

खिडकीबाहेर वर्लिनचा मास्क खाली आला. “माझ्या निवृत्तीच्या समारंभात तू त्या सामन्यावर अर्धा तास बोललास!”

“रेडिओवर ऐकला होता. गाडीत,” मी म्हणालो.

“तुझे डोळे भरून आले होते!”

“गाडीतही आले होते.”

माणसाची अब्रू जायला किती वेळ लागतो? आमच्या गल्लीत बारा मिनिटं. दुपारी पाव विकत घ्यायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, “लवकर निघताय?”

आता सांगतो ते मला शोभणारं नाही. चौदा सुखरूप आहे हे कळलं होतं. काम झालं होतं. शहाण्या माणसानं तिथेच कागद मिटला असता. पण मी पुन्हा संगणक उघडला आणि पुरवणी तक्रार लिहिली. स्वरूप : अतिगंभीर. रुमालाचा उल्लेख केला. तो रडल्याचा केला. ‘खेळाडूंच्या पायांविषयी वैद्यकीय तोतयेगिरी’ असंही लिहिलं. या वेळी वर्लिनची गरज पडली नाही. लिहून झाल्यावर नडीन म्हणाली, “मेला असेल असं वाटत होतं तोवर ठीक होतं. आता मारूनच टाकतोस त्याला.”

त्यावर त्याचं उत्तर आलं. त्यावर माझं. सप्टेंबर सरता सरता कचेरीनं कळवलं की दोन्ही अर्जांवर संगणकावरून सुनावणी होईल. त्याच सुमारास कॉलेजनं आपला निर्णय फिरवला : फुटबॉल होणार, ऑक्टोबरच्या शेवटी, पण प्रेक्षकांना मज्जाव. ज्यांची खुर्ची आहे त्यांनी फोटो पाठवावा, त्याचा पुठ्ठ्याचा पुतळा करून खुर्चीवर बसवू. सगळा गाव फोटो काढत सुटला. मी पाठवला, तर मिस योकम म्हणाल्या, “वादग्रस्त खुर्च्यांवर पुठ्ठे शेजारी शेजारी बसवता येत नाहीत. मारामारी झाली तर?”

“पुठ्ठ्यांची?”

“नियमात फरक केलेला नाही.”

सुनावणीच्या दिवशी मी वर जाकीट आणि टाय, खाली घरातली विजार, असा बसलो. पडद्यावर तीन चौकटी उघडल्या. एकीत मिस योकम. दुसरीत समितीचे अध्यक्ष, डॉक्टर पील, संख्याशास्त्राचे प्राध्यापक, मागे पुस्तकंच पुस्तकं. तिसरीत एक उजवा कान.

मिशी वाढली होती. गाल उतरले होते. त्यानं यंत्र तिरकं ठेवलं होतं आणि तो तिसरीकडेच बघत होता, त्यामुळे तो मला अगदी तसाच दिसत होता जसा बावीस वर्षं दिसला.

“मिस्टर वीबे, समोर बघा,” मिस योकम म्हणाल्या.

“समोरच बघतोय,” तो कान म्हणाला.

डॉक्टर पीलनी तक्रारी वाचायला घेतल्या. बीट झालं, चोच झाली. मी शिट्टीचा इन्कार केला. चौदा म्हणाला, वाजवून दाखवू दे. मी वाजवली. तो कळवळला. मिस योकमनी लिहून घेतलं. मग अध्यक्ष म्हणाले, “दोन हजार चौदा सालच्या हार्लोविरुद्धच्या सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, मिस्टर वीबे यांनी पंचाच्या आजीविषयी जे उद्गार काढले...”

“ते योग्यच होते,” मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

कान हलला. “आपल्या खेळाडूचा पाय रेषेच्या आत होता,” चौदा म्हणाला.

“चांगला चार बोटं आत!”

“चार? सहा! गवत उडालं ना, पांढरा रंग उडाला नाही!”

“मी म्हटलंच होतं!”

“हे मात्र तू म्हटलं होतंस!”

“गृहस्थहो,” डॉक्टर पील म्हणाले, “मी ते चित्रीकरण पाहिलंय. पाय स्पष्टपणे बाहेर होता.”

त्यानंतर काय झालं, ते सुनावणीच्या टिपणात आहे; मला नीटसं आठवत नाही. आम्ही दोघं एकदमच बोललो. यंत्राचं असं असतं की दोघं एकदम ओरडले तर आवाज तुटतो. आमचा तुटला नाही. चौदानं अध्यक्षांना विचारलं, संख्याशास्त्रात पाय कधी शिकवतात? मी विचारलं, तुमच्या मागे एवढी पुस्तकं आहेत, त्यात डोळ्यांवरचं एखादं आहे का? मिस योकमनी माझा आवाज बंद केला, तेव्हा चौदानं माझ्या वाटचंही सुनावलं. त्याचा बंद केला, तेव्हा नडीन लाटणं घेऊन आत आली आणि म्हणाली, “पाय आतच होता! मी सहा वर्षं ऐकतेय!” माझा आवाज पुन्हा कुणी चालू केला होता, कोण जाणे.

चार दिवसांनी निकाल आला. एकमेकांविरुद्धच्या तक्रारी फेटाळल्या. ‘अर्जदार व प्रतिवादी यांच्यात संपूर्ण एकमत असल्याचं समितीस दिसून आलं.’ मात्र अध्यक्षांचा अवमान केल्याबद्दल दोघांनाही स्वगृही होणाऱ्या पुढच्या तीन सामन्यांना हजर राहण्यास बंदी. पुठ्ठ्यांनाही बंदी.

“पण त्या सामन्यांना कुणालाच हजर राहता येणार नाही,” मी मिस योकमना फोनवर म्हणालो.

“तुम्हाला विशेष करून नाही,” त्या म्हणाल्या. मग वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, “मिस्टर ऑस्टरहाउस, निकालाच्या शेवटच्या पानावर बंदी घातलेल्यांचे पत्ते आणि फोन असतात. ते काळे करायचं या वेळी कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मीही त्या सामन्याला होते. पाय आत होता.”

शेवटच्या पानावर नंबर होता. आमच्यापासून साठ मैलांवरचं एक खेडं.

मी अंगणात खुर्ची टाकून बसलो आणि फोन लावला. “हॅलो,” तो म्हणाला. “हॅलो,” मी म्हणालो. “पंधरा.” “चौदा.” आणि संपलं. मी खोकल्याचं विचारलं. तो म्हणाला, गेला. त्यानं नडीनचं विचारलं. मी म्हटलं, बरी आहे. त्याची बायको कशी आहे, असं मी विचारलं, तेव्हा कळलं की ती नाहीच, गेली नऊ वर्षं. म्हणजे त्या नऊ वर्षांत तो माझ्याशेजारी साठेक वेळा बसला होता आणि मी त्याला फक्त पोटरीविषयी विचारलं होतं. आम्ही दोघंही समोर बघत बोलणारी माणसं. समोर काही नसलं की आमचं तोंड उघडत नाही.

शेवटी तो म्हणाला, “तुझ्यासमोर काय आहे आत्ता?”

“माझ्यासमोर? वर्लिन. शेजारी. वाळलेली पानं गोळा करतोय.”

“कशी करतोय?”

“डाव्या हातानं. दाताळं उलटं धरलंय.”

“वाऱ्याकडे तोंड की पाठ?”

“तोंड.”

“गाढव आहे का? पश्चिमेचा वारा आहे आज! कडेनं आणायला सांग.”

“ढीग लावला... उचलतोय... पिशवीत घालतोय...”

“पिशवीचं तोंड कुणी धरलंय?”

“कुणीच नाही!”

“गेलं!” चौदा साठ मैलांवरून ओरडला, आणि तेवढ्यात खरंच वाऱ्याची एक मोठी झुळूक आली. सगळा ढीग उठून ओडेसाबाईंच्या अंगणात. आम्ही दोघं एकाच क्षणी, एकाच सुरात कण्हलो. वर्लिननं मान वळवून विचारलं, काय झालं? मी त्याला हातानंच सांगितलं की चालू ठेव, खेळ थांबवू नकोस.

नडीन आवाज ऐकून बाहेर आली. क्षणभर तिनं माझ्याकडे बघितलं, वर्लिनकडे बघितलं, फोनकडे बघितलं. मग माझ्या डाव्या हाताला खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “किती झाले?”